कार्डावर रेस्क्यू डायव्हर, पाण्यात नवखा : योंगाला जहाजावरचं बडी-प्रकरण

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड किनाऱ्यालगत, टाउन्सव्हिलच्या आग्नेयेला साधारण ९० किलोमीटरवर योंगाला ही जुनी आगबोट समुद्रतळावर उजव्या कुशीवर पडलेली आहे. २३ मार्च १९११ रोजी मॅकेहून टाउन्सव्हिलकडे जाताना ती चक्रीवादळात बुडाली आणि बोटीवरचे १२२ जण गेले. बोटीवर वायरलेस नसल्यामुळे वादळाचा इशारा तिला पोचलाच नाही. जागा नक्की सापडली १९५८ साली. बोट सुमारे ११० मीटर लांबीची. वरची कड पाण्याखाली १५ मीटरच्या आसपास आणि तळ २८ ते ३० मीटरवर. भोवती सगळी सपाट वाळू, त्यामुळे मोठमोठे ग्रूपर, रे, कासवं आणि समुद्रसाप याच एका आसऱ्याला येऊन राहतात. डायव्हरही त्यासाठीच येतात. पण ठिकाण उघड्या समुद्रातलं आहे, करंट (पाण्याचा प्रवाह) जोरात असतो, आणि बोयाच्या (तरंगत्या खुणेच्या) दोराला धरूनच उतरायचं आणि चढायचं असतं.

२२ ऑक्टोबर २००३ रोजी इथे अमेरिकेतल्या अलाबामाहून आलेलं एक जोडपं उतरलं. लग्नाला ११ दिवस झाले होते. दोघं एकमेकांचे बडी, म्हणजे पाण्यात एकमेकांवर लक्ष ठेवणारे जोडीदार. पत्नी २६ वर्षांची होती. काही मिनिटांतच पती एकटा वर आला. पत्नी सुमारे २७ मीटरवर वाळूत पडलेली होती. साधारण दहा मिनिटांनी एका इन्स्ट्रक्टरने तिला वर आणलं, शेजारच्या बोटीवरच्या डॉक्टरांनी ४० मिनिटं प्रयत्न केले, पण ती वाचली नाही.

पुढे हे, पतीच्या आडनावावरून, ‘वॉटसन खटला’ म्हणून गाजलं. आधी खुनाचा आरोप ठेवला गेला. जून २००९ मध्ये क्वीन्सलँडच्या कोर्टात पतीने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. बडी म्हणून जे करायला हवं होतं ते केलं नाही, हा त्या कबुलीचा आधार होता. साडेचार वर्षांची शिक्षा झाली, त्यातले १२ महिने प्रत्यक्ष तुरुंगात. सरकारने अपील केलं आणि सप्टेंबरमध्ये ते १२ महिने १८ झाले. सुटल्यावर त्याला अमेरिकेत पाठवण्यात आलं आणि तिथे पुन्हा खुनाचा खटला उभा राहिला. २३ फेब्रुवारी २०१२ रोजी अलाबामाच्या न्यायाधीशांनी पुरेसा पुरावा नाही म्हणून, बचाव पक्षाची बाजू ऐकायची वेळ येण्याआधीच, तो फेटाळला.

या प्रकरणाबद्दल जे छापून आलं, त्यातलं बहुतेक ‘त्याने मारलं की नाही’ याभोवती फिरतं. तो प्रश्न कोर्टात संपलेला आहे आणि इथे आपल्याला त्याच्याशी काम नाही. डायव्हरच्या कामाचा प्रश्न त्याहून रुक्ष आहे : हे दोघं त्या सकाळी त्या दोरावर एकमेकांचे बडी म्हणून कसे काय उतरले?

कागदावर काय होतं

पत्नीचं डायव्हिंगचं कार्ड (शिक्षण पुरं केल्याचं प्रमाणपत्र) ताजं होतं. तिचं शिक्षण अलाबामातल्या एका पाणी भरलेल्या जुन्या खाणीत झालं होतं. समुद्रात ती कधी उतरली नव्हती आणि ९ मीटरच्या खाली कधी गेली नव्हती. शिवाय हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी साधारण दोन वर्षांपूर्वी तिच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. डायव्हिंगच्या फॉर्मवर मात्र हृदयाचा त्रास किंवा शस्त्रक्रिया नाही, असं लिहिलेलं होतं. डायव्हिंग-वैद्यकातल्या तज्ज्ञाचं मत असं पडलं की हृदयरोगतज्ज्ञाने हिरवा कंदील दाखवल्याशिवाय ती पाण्यात उतरायला योग्य नव्हती. मृत्यूचं कारण बुडणं असं नोंदलं गेलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी : ठोक्यांची लय बिघडली असेल तर शवविच्छेदनात तिचा मागमूस राहत नाही. म्हणून फॉर्मवरच्या त्या एका ‘नाही’चं वजन किती, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

पतीकडे रेस्क्यू डायव्हरचं, म्हणजे अडचणीतल्या डायव्हरला वाचवायला शिकल्याचं, कार्ड होतं. ते वाचून कोणालाही वाटेल की जोडीतला एक जण तरी तयार आहे. नंतर पुढे आलेली माहिती वेगळी होती. एरवी साधारण चार दिवस चालणारा हा कोर्स त्याने दोन दिवसांत पुरा केला होता, तोही खाणीतच. खरीखुरी सुटका कधी केलेली नव्हती आणि खुल्या समुद्रातला अनुभव थोडाच होता. त्या दिवशी त्याला स्वतःचं सामान अंगावर चढवायलाही मदत लागली. सरकारी पक्षाच्या डायव्हिंग-तज्ज्ञाने सुरुवातीला ‘इतकं शिक्षण असलेल्या माणसाला तिला वर आणता यायलाच हवं होतं’ असं मत दिलं होतं. दोघांची लॉगबुकं (डायव्हच्या नोंदवह्या), प्रमाणपत्रं आणि वैद्यकीय कागद हातात पडल्यावर त्याने ते मत मोठ्या प्रमाणात मागे घेतलं. हा माणूस कोणाचाही बडी व्हायच्या लायकीचा नव्हता, स्वतःला वाचवणंही त्याला जड गेलं असतं, असं तो म्हणाला.

तिसरा कागद त्यांना तिथे नेणाऱ्या बोटीच्या कंपनीचा. तिच्याच आचारसंहितेत लिहिलं होतं की ज्याचे खुल्या पाण्यातले डायव्ह १५ पेक्षा कमी आहेत, त्याने आधी ओरिएंटेशन डायव्ह (ओळखीचा, तयारीचा डायव्ह) केलाच पाहिजे. योंगालावर तर या पत्नीबरोबर डायव्हमास्टर (पाण्यात सोबत करणारा व्यावसायिक गाइड) किंवा त्यावरच्या दर्जाचा माणूस असायला हवा होता. बोटीवर दोघांना ओरिएंटेशन आणि डायव्हमास्टरची सोबत देऊ केली गेली. दोघांनी नको म्हटलं आणि कंपनीने ते मान्य केलं. ‘सक्तीचं’ म्हणून लिहून ठेवलेलं पाहुण्याने नाकारल्यावर ऐच्छिक होतं, हे बोटींवर रोज घडतं. कंपनीने पुढे सुरक्षेचे नियम मोडल्याचा दोष कबूल केला आणि दंड भरला.

खाणीतलं पाणी आणि समुद्राचं पाणी

खाणीत शिकलेला डायव्हर समुद्रात उतरतो तेव्हा पहिली अडचण येते वजनाची. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. माणूस आणि सगळं सामान मिळून १०० किलो धरले, तर समुद्रात खाली जायला सुमारे अडीच किलो शिसं जास्त लागतं. हा आकडा ज्याला मोजून माहीत नाही, तो अंदाजाने चार-पाच किलो चढवतो. पृष्ठभागावर त्याने काही बिघडत नाही, उलट ‘छान खाली जातोय’ असंच वाटतं. खाली गेल्यावर वेटसूटचं निओप्रीन (डायव्हरच्या पोशाखाचं फेसाळ रबर) दाबलं जातं, त्याची उचल निम्म्याहून कमी होते आणि जास्तीचं शिसं आपलं काम सुरू करतं. १५ मीटरवर तीन किलोने जड असलेल्या डायव्हरला तरंगतं राहायला बीसीडीत (हवा भरून तरंगायच्या जाकिटात) तीन लिटर हवा भरावी लागते. तिथे दाब अडीच पट असल्यामुळे टँकमधून साडेसात लिटर जाते. इन्फ्लेटरचं (जाकिटात हवा सोडणारं) बटन काही सेकंद दाबून धरायचं, एवढंच काम. पण ते बटन कुठे लटकतंय हे न बघता हाताला सापडलं पाहिजे, आणि ही सवय दहा-पंधरा डायव्हनंतर कुठे लागते.

दुसरी अडचण करंटची. खाणीत पाणी हलत नाही, म्हणून दोर धरून उतरण्याचा सराव तिथे होतच नाही. करंटमध्ये दोरावरचा हात सुटला की फिन (पायातली पोहायची पाती) मारून परत यायचं असतं. नवखा माणूस तिथेच दमतो, श्वास उथळ आणि भराभर घेऊ लागतो, अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि ‘हवा मिळत नाहीये’ असं वाटायला लागतं. टँक भरलेला असतो, रेग्युलेटर (टँकमधली हवा तोंडात पोचवणारा भाग) हवा देत असतो, तरी असं वाटतं. पत्नीच्या टँकमध्ये हवा होती आणि उपकरणात दोष सापडला नाही, हे इथे महत्त्वाचं आहे. १२ लिटरच्या टँकमध्ये २०० बारला २४०० लिटर हवा मावते. शांत माणूस मिनिटाला २० लिटर घेतो असं धरलं तर १५ मीटरवर ते ५० होतात, आणि ५० बार राखून ठेवूनही ३५ मिनिटं सहज पुरतात. घाबरलेला माणूस तिप्पट घेतो. तरीही बारा मिनिटं मिळतात. घाबरलेला डायव्हर हवा संपायच्या कितीतरी आधी रेग्युलेटर तोंडातून काढून टाकू शकतो.

तो क्षण

पतीने सांगितलेली हकिगत थोडक्यात अशी : करंट जोरात होता, तिने परत जायची खूण केली, दोघं दोराकडे वळले, ती घाबरली, तिच्या हाताने त्याचा मास्क आणि रेग्युलेटर निघाला. तो सावरेपर्यंत ती खाली जात होती. कानाच्या त्रासामुळे त्याला आणखी खाली जाता आलं नाही, म्हणून मदत आणायला तो वर गेला.

हकिगतीतल्या बऱ्याच गोष्टींवर कोर्टात वाद झाला. तरी प्रसंग म्हणून तो नेहमीचाच आहे. घाबरलेला माणूस समोर जे दिसेल त्याला धरतो, आणि समोर बडीचा चेहरा असतो. म्हणून रेस्क्यूच्या पहिल्या तासाला शिकवतात की घाबरलेल्याच्या समोरून जायचं नाही. मागून जायचं, एका हाताने त्याच्या टँकचा व्हॉल्व्ह पकडायचा, शक्य असेल तर दोन्ही गुडघ्यांत टँक धरायचा. आता त्याचे हात तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. दुसऱ्या हाताने त्याचा रेग्युलेटर तोंडात आहे ना ते बघायचं, असला तर बोटांनी तिथेच दाबून धरायचा. मग त्याच्या बीसीडीत थोडी थोडी हवा भरायची, आणि वर जायला लागलात की त्याचा डंप व्हॉल्व्ह (जाकिटातली हवा सोडायची झडप) आपल्या हाताशी ठेवायचा, कारण १५ मीटरवरचे तीन लिटर पृष्ठभागावर साडेसात होतात. आपल्या स्वतःच्या बीसीडीतली हवा आधी काढायची, म्हणजे वर नेणारी उचल एकाच जागेवरून येते आणि सुटलात तर तुम्ही खालीच राहता, फेकले जात नाही.

हे वाचायला दीड मिनिट लागतं. करंटमध्ये, मास्क नसताना, डोळ्यांत खारं पाणी गेलेलं असताना हे करणं हे एक वेगळंच काम आहे. मास्क निघाल्यावर बहुतेकांचा श्वास नाकातून सुरू होतो आणि पाणी आत जातं. मास्कशिवाय एक मिनिट शांत श्वास घेण्याचा सराव ज्याने कोर्सनंतर पुन्हा केलेला नाही, त्याची पहिली तीस सेकंदं स्वतःला सावरण्यातच जातात. आणि तेवढ्यात काय होतं ते बघा. तीन किलोने जड डायव्हर मिनिटाला ३० मीटर या वेगाने बुडतोय असं धरलं तर १५ ते २७ मीटर हे अंतर २४ सेकंदांत जातं. वाटेत वेटसूट आणखी दबतो, बीसीडीतली हवाही आकसते, म्हणजे बुडणारा वेग पकडत जातो.

कानाचं म्हणाल तर ती सबब हास्यास्पद नाही. १५ वरून २७ ला २४ सेकंदांत जायचं तर दर दोन-तीन सेकंदांनी कान मोकळे करावे लागतात. एक वेळ चुकली की दुखायला लागतं, दोन चुकल्या तर पडदा फाटूही शकतो. अनुभवी डायव्हर नाक न धरता जबडा हलवून कान मोकळे करत जातो. ज्याचे मोजकेच डायव्ह झालेत त्याला थांबावं लागतं. सुटकेचा पहिला नियमही हेच सांगतो की वाचवणाऱ्याने आपला जीव घालवू नये, कारण मग बळी दोन होतात. अवघड प्रश्न वर जाण्याचा आहे. मिनिटाला ९ मीटर या सुरक्षित वेगाने १५ मीटर चढायला १०० सेकंद लागतात. वर कोणाला तरी समजावून सांगायचं, त्याने सामान चढवायचं, उतरायचं, शोधायचं, यात पाच मिनिटं सहज जातात. जवळपास दुसरे डायव्हर असतील, आणि योंगालावर ते असतातच, तर टँकवर सुरीने किंवा मेटल क्लिपने ठकठक करून लक्ष वेधणं आणि बोट खाली दाखवणं, हे त्याहून कितीतरी लवकर होतं. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो. तो कुठून आला हे कळत नाही, पण माणूस मान वळवून बघतो.

सरकारी पक्षाने कोर्टात ज्या गोष्टी मांडल्या त्या मात्र खाली न जाताही करता येण्यासारख्या होत्या : ती हाताशी असताना तिला धरून ठेवणं, तिच्या बीसीडीत हवा भरणं, तिचा वेट बेल्ट (शिशाच्या वजनांचा पट्टा) सोडणं. बेल्ट सोडण्याबद्दल डायव्हरांत मतभेद आहेत, कारण तळाजवळून सुटलेला माणूस नियंत्रणाबाहेर वर जातो आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. आमचं मत स्पष्ट आहे : ज्याला तुम्ही धरून ठेवू शकत नाही आणि जो बुडतोय, त्याच्यासाठी पृष्ठभाग तळापेक्षा केव्हाही बरा. वर कोणीतरी त्याला पकडेल, ऑक्सिजन देईल.

बडीची जबाबदारी कायद्यात कुठून आली

क्वीन्सलँडच्या फौजदारी कायद्यात एक साधं तत्त्व आहे. जे काम न केल्याने कोणाच्या जिवाला धोका होऊ शकतो असं काम तुम्ही अंगावर घेतलंत, तर ते करणं तुमचं कर्तव्य ठरतं. बुडणाऱ्या अनोळखी माणसाला वाचवायची सक्ती त्यात नाही. पण ‘मी हिचा बडी’ म्हणून पाण्यात उतरलात, तर ते काम अंगावर घेतलंत. या प्रकरणाने डायव्हिंगच्या जगात खळबळ उडवली ती इथे. आपल्या देशातल्या कायद्यात हे कितपत लागू पडेल हा वेगळा विषय. पण बोटीवर अनोळखी माणसाबरोबर ‘तुम्ही दोघं बडी’ असं सांगून पाठवतात तेव्हा काय स्वीकारतोय, हे हजारो डायव्हरांनी पहिल्यांदाच विचारलं.

इथे एक गुंता आहे आणि तो कोर्टात पुरेसा उलगडला असं वाटत नाही. कर्तव्य मोजायचं ते कार्डावरून की कुवतीवरून? ‘रेस्क्यू’ हा शब्द छापलेलं कार्ड माणसाला कायद्याच्या नजरेत उंच नेऊन ठेवतं, आणि तेच कार्ड दोन दिवसांच्या सरावातून मिळालेलं असतं. कार्ड आयुष्यभर चालतं, त्याची मुदत संपत नाही. पहिल्या पातळीच्या ओपन वॉटर कार्डाची शिफारस १८ मीटरपर्यंतची, त्यानंतरच्या अॅडव्हान्स्डची ३० पर्यंतची, खोल पाण्याच्या विशेष कोर्सची ४० पर्यंतची. पण त्यातही ‘ज्या परिस्थितीत शिकलात तशाच किंवा त्याहून सोप्या परिस्थितीत’ अशी अट असते, आणि ती कोणी वाचत नाही. ९ मीटरच्या स्थिर पाण्यात शिकलेल्या माणसाला ती अट योंगालावर जाऊ देत नाही. वरची कड १५ मीटरवर आहे म्हणून ‘१८ च्या आतच आहे’ हा हिशोबही फसवा आहे. खाली १८ वर फरशी नाही, तळ २८ वर आहे. हात सुटला की मर्यादा ओलांडली जाते, आणि हात कधी सुटणार हे आधी ठरवता येत नाही.

आपल्याकडे मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ ‘स्कूबा केलं’ म्हणणारे बहुतेक जण गाइडने टँक धरून फिरवलेले असतात. ते डायव्हर नसतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. अडचण होते ती पुढच्या पायरीवर. तारकर्लीला, गोव्याला किंवा कर्नाटकातल्या नेत्राणीला तीन-चार दिवसांत ओपन वॉटर कार्ड घेतलेलं जोडपं वर्षभराने अंदमानला किंवा मालदीवला जातं आणि तिथे एकमेकांचे बडी होतं. मधल्या वर्षात एकही डायव्ह नसतो. दोन नवखे मिळून एक जोडी होत नाही. नवराबायको असतील तर आणखीच अवघड, कारण ‘मला भीती वाटतेय, आज नको’ हे गाइडला सांगणं सोपं असतं, पण हनिमूनला पैसे भरून आलेल्या जोडीदाराला सांगणं तितकं सोपं नसतं.

त्या बोटीवर काय व्हायला हवं होतं

काम पाऊण तासाचं होतं. लॉगबुक मागायचं आणि त्यात तीन गोष्टी बघायच्या : शेवटचा डायव्ह कधी, सगळ्यात खोल किती, आणि समुद्रातले किती. लॉगबुक नसेल तर डायव्ह शून्य समजायचे. मग उथळ, शांत जागी ओरिएंटेशन. वजन तिथेच तपासायचं : बीसीडी पूर्ण रिकामी, फुप्फुसात नेहमीचा श्वास, तर पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे, आणि श्वास सोडला की हळूहळू बुडालं पाहिजे. भरलेल्या टँकने तपासलं तर त्यावर दोन किलो वाढवायचे, कारण संपत आलेला टँक साधारण तेवढाच हलका होतो. मास्क काढून घालणं, रेग्युलेटर सोडून परत पकडणं, बडीच्या ऑक्टोपसवरून (जादा रेग्युलेटरवरून) श्वास घेणं हे सगळं गुडघ्यांवर नाही, तरंगत करून घ्यायचं. जो इथे बटन शोधतो, तो योंगालावर जात नाही.

उतरण्याआधीची बडी-तपासणी तर रोजचीच आहे, पण ती कशी होते ते सांगायला हवं. ‘सगळं ठीक?’ ‘ठीक.’ झाली तपासणी. खरं तर बडीच्या बीसीडीत स्वतः हवा भरून काढून बघायची, त्याचा वेट बेल्ट कुठल्या हाताने उघडतो ते स्वतःच्या बोटांनी चाचपायचं, सगळे बकल मोजायचे, आणि त्याच्या दुसऱ्या रेग्युलेटरवरून दोन श्वास घेताना प्रेशर गेजचा काटा बघायचा. काटा श्वासाबरोबर हलला तर टँकचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही.

आणि योंगालासाठी तिसरा माणूस. डायव्हमास्टर पत्नीबरोबर दोरावर, तिच्या हातभर खाली, तोंड तिच्याकडे, म्हणजे तिला खाली जायची वाटच त्याच्या अंगावरून जाते. पती त्यांच्यावर, वरून पाहणारा. १० मीटरवर थांबून ‘ठीक’ची खूण, तिथे तिचे डोळे बघायचे. डोळे मोठे झालेले, फिन सायकलसारखे हलताहेत, अंग उभं राहिलंय, दोरावरची मूठ पांढरी पडलीय, तर आणखी खाली जायचं नाही. तिथून वर यायला लागतं एक मिनिट, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून सगळे बोटीवर परत.